ड्रेसरमामांनी न केलेली सही

ड्रेसरमामा कुठलाही कागद मोठ्यानं वाचल्याशिवाय त्यावर सही करत नसत. टेबलाशी उभं राहून, ओळीवरून बोट सरकवत, शाळेत धडा वाचावा तसं ते वाचत. ‘उपरोक्त विषयान्वये’पासून ‘आपला विश्वासू’पर्यंत सगळं वाचून झालं की मगच खिशातलं पेन निघे. अख्खं कार्यालय हसायचं. मी वडिलांच्या जागी अनुकंपेवर नुकतीच लागले होते, मीही हसले. "मामा, नुसती रजेची नोंद आहे हो," म्हणाले. ते म्हणाले, "ताई, रजा माझी हाय. म्या कुठं गेलतो ते मला तरी कळू द्या की."

जनावरांच्या दवाखान्यात जखमा धुणाऱ्या, पट्टी बांधणाऱ्या माणसाला सरकारी भाषेत व्रणोपचारक म्हणतात. परंड्याकडच्या त्या गावात हा शब्द कुणी कधी उच्चारला असेल असं वाटत नाही. लोक ड्रेसर म्हणत, आणि वय वाढलं तसे ते ड्रेसरमामा झाले. मी तालुक्याच्या कार्यालयात आस्थापनेच्या टेबलावर होते, म्हणजे पगार, रजा, सेवापुस्तकं माझ्याकडं. दर महिन्याला दवाखान्याचा अहवाल घेऊन ते एसटीनं यायचे. अंगाला फिनेलचा वास असायचा आणि हातात कापडी पिशवी.

एकदा औषधांचा साठा मोजायला मी त्यांच्या दवाखान्यात गेले होते. एका धनगरानं मेंढी आणली होती. तिच्या मांडीच्या जखमेत अळ्या पडल्या होत्या, आणि मेंढी हलली की तो काठी उगारत होता. मामा म्हणाले, "काठी भाईर ठेवून ये. दुखतंय तिला, तुला न्हाय." मग खाली बसून चिमट्यानं एकेक अळी काढत राहिले. अर्धा तास तरी गेला असेल. सगळा वेळ मेंढीशी बोलणं चालू होतं. जाताना धनगरानं नोट पुढं केली. मामांनी ती त्याच्याच खिशात कोंबली. "मला सरकार पगार देतंय," म्हणाले.

हे वाक्य ते किती वेळा आणि किती अभिमानानं बोलले असतील. आज ते आठवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. सेवापुस्तक पडताळणीला गेलं आणि शेरा घेऊन परत आलं. बारा वर्षांपूर्वी कालबद्ध पदोन्नतीचा लाभ देताना त्यांची वेतननिश्चिती चुकली होती, पगार एक टप्पा जादा बसला होता. तेव्हापासूनचा फरक चार लाख अठरा हजार रुपये होत होता आणि तो निवृत्तीनंतर मिळणाऱ्या उपदानातून, म्हणजे ग्रॅच्युइटीतून, वसूल करायचा होता. मामांना कळवायचं पत्र मीच टाईप केलं. नमुना तयार असायचा, फक्त नाव आणि रक्कम बदलायची. ‘वेतननिश्चिती चुकीची झाल्याचे निदर्शनास आले आहे’ असं त्यात होतं, जशी काही ती आपली आपण झाली होती. कुणी केली, कुणी सह्या केल्या, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

पत्रासोबत हमीपत्र होतं. मामा आले, आमच्या अधीक्षकांसमोर उभे राहिले आणि वाचायला लागले. "मला जादा अदा झालेली रक्कम मी स्वखुशीने..." इथं त्यांचं बोट थांबलं. ते वाक्य त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"स्वखुशीनं," ते म्हणाले. "ही खुशी कुणाची लिवलीय, साहेब?"

अधीक्षक म्हणाले, "मामा, तो नमुना आहे. सगळेच सही करतात. तुम्ही करा, कागद पुढं जाऊ द्या. नाहीतर पेन्शन अडकेल."

"अडकंल, का तुमी अडकवणार?"

अधीक्षकांनी फाईल मिटली. मामा आवाज न चढवता म्हणाले, "फुडची पेन्शन जेवढी खरी असंल तेवढीच द्या. एक रुपाया ज्यादा नको. पण मागचं काय राह्यलंय का माझ्यापाशी? त्याचं अन्न झालं. पोरीचं बाळंतपण झालं, घरावर पत्रे झाले. आन् म्या तवाच अर्ज दिलता, पगार जास्ती वाटतोय, तपासून बघा म्हणून. काढा की दप्तरातून."

"असला कुठलाही अर्ज कार्यालयात नाही," अधीक्षक म्हणाले.

मामांनी हमीपत्राची घडी केली, टेबलावर ठेवली आणि स्टँडकडं चालू लागले.

ते निवृत्त झाले त्या दिवशी निरोप समारंभ झाला नाही. हमीपत्र नाही म्हणून पेन्शनचे कागद कपाटात पडून राहिले. एक महिना, दोन महिने, आठ महिने. मामा पंधरवड्याला यायचे, अकरा वाजता बाहेरच्या बाकावर बसायचे आणि पाच वाजता उठायचे. ज्यांना ते इतकी वर्षं मामा होते त्यांतलं कुणी त्यांना चहा विचारत नव्हतं, अधीक्षकांना दिसेल म्हणून. मीही विचारत नव्हते. एकदा पाण्याच्या माठापाशी गाठ पडली तेव्हा म्हणाले, "म्हैस इकली, ताई. वैरण परवडंना." दुसऱ्यांची जनावरं जगवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला स्वतःची म्हैस विकावी लागली. त्याचीच पेन्शन आमच्या कपाटात असताना. 

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत मी दप्तरखान्यात जाऊ लागले. तिथं बारा वर्षांपूर्वीचे गठ्ठे वाळवीनं खाल्लेले, दोऱ्या तुटलेल्या. चौथ्या दिवशी अर्ज सापडला. मामांचंच गोल, एकेक अक्षर सुटं असलेलं हस्ताक्षर: माझा पगार माझ्यापेक्षा जुन्या माणसापेक्षा जास्त निघत आहे, तरी तपासून पाहावे ही विनंती. बाजूला आवक शिक्का. खाली लाल शाईत शेरा होता, ‘तपासले. वेतननिश्चिती बरोबर आहे. दप्तरी दाखल.’ आणि सही.

सही मी ओळखली. रोज माझ्या प्रत्येक कागदावर तीच असायची. आमचे अधीक्षक तेव्हा माझ्याच टेबलावर होते. चुकीची वेतननिश्चिती त्यांनीच केली होती, मामांनी विचारल्यावर बरोबर आहे म्हणून त्यांनीच लिहिलं होतं, आणि आता तेच त्या माणसाकडून स्वखुशी लिहून मागत होते.

मी समोरच्या दुकानात झेरॉक्स काढली आणि स्टँडवर जाऊन मामांच्या हातात दिली. परंड्याची गाडी लागायची होती. ते तिथंच, लोकांच्या गर्दीत, स्वतःचा अर्ज मोठ्यानं वाचायला लागले. शेऱ्यापाशी आल्यावर विचारलं, "ही दस्तखत कुणाची?"

मी सांगितलं.

त्यांनी शेऱ्यावरून पुन्हा बोट फिरवलं. "म्हंजी त्यास्नी ठावं व्हतं."

"हो, मामा."

"आन् माझ्या तोंडावर म्हणले, अर्ज न्हाय." एवढं बोलून त्यांनी कागद पिशवीत घातला. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. जनावराला मारणाऱ्यावरही ते इतके चिडत नसत.

धाराशिवच्या एका वकिलांनी कागद पाहिला आणि सांगितलं, खालच्या श्रेणीतल्या माणसाकडून, त्याची काही लबाडी नसताना, निवृत्तीच्या वेळी अशी वसुली करता येत नाही. वरच्या न्यायालयानं हे केव्हाच सांगून ठेवलंय. केव्हाच. म्हणजे मी नमुन्यात नावं भरत बसले होते तेव्हाही ते सांगून झालेलं होतं. मामांनी माहिती अधिकारात अर्जाची प्रमाणित प्रत मागितली. अर्ज दप्तरातून बाहेर कसा गेला याची चौकशी झाली, मला कारणे दाखवा नोटीस मिळाली आणि पुढच्या बदल्यांत मी दुसऱ्या तालुक्याला गेले. संभाजीनगरच्या खंडपीठात दीड वर्ष गेलं. निकाल मामांच्या बाजूनं लागला. उपदान व्याजासकट द्या, वसुली करू नका. पेन्शन मात्र दुरुस्त पगारावर बसली, आणि मामांनी ती पहिल्या दिवसापासून मान्यच केली होती.

अधीक्षकांना काही झालं नाही. ते वेळेवर निवृत्त झाले. हॉल सजवला होता, शाल-श्रीफळ झालं, त्यांच्या काटेकोर कामाबद्दल भाषणं झाली. त्यांच्या उपदानातून कुणी काही कापलं नाही.

पैसे जमा झाल्यावर मामा माझ्या नव्या घरी आले. मला वाटलं आनंदात असतील. चहा घेताना त्यांनी विचारलं, "ताई, माझ्या आधी असली पत्रं तुमी किती टाईप केली?"

मी आठवून सांगितलं, "अकरा."

"समद्यांनी सह्या केल्या?"

"सगळ्यांनी."

त्यांनी कप खाली ठेवला. "त्यास्नी कोण सांगणार मग? तुमच्यापाशी नावं हायेत."

मी म्हणाले, बघते. आता त्यांनी सह्या करून दिल्यात, अवघड आहे, वेळ निघून गेलाय, असंही काहीतरी म्हणाले. मामांनी मान हलवली नाही. "सांगा तरी," म्हणाले आणि उठले. उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. मामा गोठ्यात बसल्या जागी गेले होते. नवी म्हैस आणून महिना झाला नव्हता.

मी तेराव्याला जाऊन आले आणि त्या रविवारी अकरा नावांची यादी घेऊन बाहेर पडले. पहिलं नाव तेर गावचं होतं, आमच्याकडं परिचर होते ते. नदीकडच्या आळीत घर सापडलं. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. दोन वर्षांपूर्वीच ते वारले, म्हणाल्या. मी माझं नाव सांगितलं, आणि वसुलीचं पत्र मीच टाईप केलं होतं हेही सांगितलं. त्यांनी बसा म्हटलं नाही. उभ्यानंच मी सगळं सांगितलं, की चूक कार्यालयाची होती, वसुली करायलाच नको होती, वारसाला अजून अर्ज करता येतो, वकील मी गाठून देते. पैसे मिळतीलच असं नाही, हेही सांगितलं.

त्या चौकटीला धरून ऐकत होत्या. 

"त्यांला वाटायचं, आपल्याच हातून कायतरी चोरी झाली," त्या म्हणाल्या. "मरस्तवर तेच म्हणत व्हते."