भंगाराची मालगाडी जानेफळला पोचवताना

नाशिकहून जानेफळला जायचं अनिलनी गेल्या काही वर्षांत अनेकदा ठरवलं होतं. प्रत्येक वेळी टेबलाचा एखादा कोपरा रंगवायचा राहिलेला असायचा आणि जाणं पुढे ढकललं जायचं. शेवटी टेबल गेलं तेव्हा ते नव्हते. या जानेवारीत मी आणि माझी मुलगी केतकी ते घेऊन गेलो.

टेबल म्हणजे अनिलची, माझ्या नवऱ्याची, छोटी रेल्वे. कोणी 'खेळण्यातली' म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही, ते 'मॉडेल' म्हणत. दाराएवढ्या फळीवर भंगाराचं यार्ड, गंजक्या पत्र्यांचे ढीग, वजनकाटा, कुंपण, आणि रुळांवर बोटापेक्षा थोड्या लांब अशा उघड्या वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे. याचा दुसरा अर्धा भाग जानेफळला प्रल्हादभाऊंच्या घरी होता. ते शाळेची प्रयोगशाळा सांभाळायचे, आता निवृत्त आहेत. दोघांची ओळख पुण्यातल्या एका प्रदर्शनात झाली आणि तिथेच ठरलं की भंगार आमच्याकडे भरायचं, त्यांच्याकडे भट्टीपाशी चुंबकाच्या क्रेनने उतरवायचं आणि परतीला त्यांच्या डेपोतून कंटेनर न्यायचे. टेबलांची उंची, रुळांची टोकं, सगळं फोनवर जुळवलेलं होतं. दोन्ही टेबलं एकमेकांना लागली मात्र कधीच नाहीत. रंग पूर्ण झाल्याशिवाय जोडायचं नाही, असा दोघांचा नियम होता.

मी आता केतकीच्या फ्लॅटवर राहायला जाणार आहे. तिथे टेबल मावत नाही. म्हणून ते प्रल्हादभाऊंना द्यायचं आणि अनिलची गाडी एकदा तरी भरलेली जाऊन पूर्ण रिकामी झालेली पाहायची, एवढंच मनात होतं. मागे काही ठेवायचं नव्हतं.

निघण्याआधी एक काम मी केलं. सहा वाघिणींपैकी पाच अनिलनी भरून ठेवल्या होत्या. वाघिणीच्या मापाचा फोमचा तुकडा कापायचा, त्यावर लोखंडाचा कीस, खिळ्यांचे तुकडे, स्टेपलरच्या पिना चिकटवायच्या आणि वरून गंजाचा रंग द्यायचा, अशी त्यांची पद्धत. सहावीचा फोम कापलेला होता, भरायचा राहिला होता. मी त्यांच्या टेबलाच्या खणात हाताला लागलं ते चिकटवलं. बंद घड्याळांची चाकं, जुन्या स्विचमधल्या पट्ट्या, एक मोडकी किल्ली. रंग त्यांच्याच बाटलीतला दिला. शेजारी ठेवली तर कोणती कोणाची ते ओळखू येत नव्हतं.

सकाळी लवकर निघालो. सिन्नरच्या पुढे समृद्धी महामार्ग घेतला. रस्ता उत्तम आहे, पण टोल डिझेलच्या खर्चापेक्षा फार कमी पडत नाही हे धरून निघा, आणि खायचं घरून न्या. मध्ये बरंच अंतर काही मिळत नाही. टेबल जुन्या रजईत आणि ताडपत्रीत गुंडाळून टपावर बांधलं होतं, त्यामुळे केतकी हळू चालवत होती. वाघिणींचा डबा माझ्या मांडीवर होता. जालन्याच्या पुढे गहू आणि हरभऱ्याची शेतं दिसायला लागली. तुरी कापून झाल्या होत्या.

मेहकरला बसस्टँडजवळ थांबलो. आलुबोंडा आणि वर रस्सा, चव झणझणीत. हॉटेलवाल्याचं लक्ष टपाकडे होतं.

"ताई, खाट घेऊन चालले का?"

"नाही हो, रेल्वे आहे," केतकी म्हणाली.

तो थांबला आणि आत भजी तळणाऱ्याला म्हणाला, "ऐकलं का बे? आमच्या आजापासून रेल्वे येऊन राह्यली, येऊन राह्यली. आज आली. टपावर बसून."

"मंग टेसन कुठं करता?" आतून आवाज आला.

"जानेफळला," मी म्हणाले. पुष्कळ दिवसांनी मी हसले असेन. अनिलना हे फार आवडलं असतं, हे लगेच मनात आलं.

जानेफळ खामगावच्या रस्त्यावर आहे, मेहकरहून पाऊण तास धरावा. प्रल्हादभाऊ फाट्यावर येऊन उभे होते. "वहिनी, तुम्ही काहीच उचलू नका," एवढंच म्हणाले आणि टपावरच्या दोऱ्या सोडायला लागले. घरी त्यांच्या पत्नी शीलाताईंनी भाकरी, पातोडीची भाजी आणि ठेचा केला होता. त्यांनी अनिलचा विषय काढला नाही, फक्त वाढत राहिल्या. मला ते बरं वाटलं.

जेवणानंतर पुढच्या खोलीत टेबलं जोडली. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली प्रल्हादभाऊंचा कंटेनर डेपो होता. निळे, तांबडे कंटेनर एकावर एक रचलेले, त्यावर उंच क्रेन. दोन टेबलांच्या रुळांत नखाएवढा फरक पडला. त्यांनी एसटीचं तिकीट घडी करून आमच्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं आणि रूळ सपाट झाले.

"एवढंच होतं पाहा," ते म्हणाले. "एवढ्यासाठी आम्ही रंगाच्या नावानं बसून राह्यलो. माझा डेपो तर अजूनही मागून कोराच आहे."

मी एक कंटेनर हातात घेतला. आत नट टाकून जड केलेला होता.

"कंटेनरचं बरं असते वहिनी. भरला का रिकामा, कोणाले समजत नाही. भंगाराचं सगळं उघडं."

त्यांनी गाडी सुरू करायच्या आधी नियम सांगितला. अनिलकडून मी तो अनेकदा ऐकला होता. गाडी चालू असताना वाघिणीला हात लावायचा नाही. बोटांनी माल उतरवण्याला ते दोघे 'पाच बोटांची क्रेन' म्हणायचे. जो माल क्रेनने उतरला नाही, तो त्याच गाडीने परत जातो.

अनिलचं इंजिन हळू निघालं, जोड ओलांडली, भट्टीपाशी थांबलं. चुंबक खाली आलं, पहिल्या वाघिणीतलं भंगार अलगद उचललं गेलं. दुसरी, तिसरी. शीलाताई दारात येऊन उभ्या राहिल्या. पाचवी रिकामी झाली. सहावीवर चुंबक टेकलं आणि नुसतंच वर आलं.

प्रल्हादभाऊंनी पुन्हा सोडलं, पुन्हा तेच. त्यांनी चष्मा वर केला. "वहिनी, ही अनिलभाऊनं भरली का?"

"नाही, मी भरली."

"काय टाकलं यात?"

मी सांगितलं. घड्याळाची चाकं, स्विचच्या पट्ट्या, किल्ली.

"पितळ आहे ते सगळं," ते हळू म्हणाले. "चुंबक नाही धरत पितळेले."

हे मी शाळेत शिकले होते. त्या दिवशी आठवलं नव्हतं.

"काका, मी काढते ना हातानं," केतकी पुढे झाली. "एकदाच. आईला पाहायचं होतं."

"काढ पोरी. मी तिकडं पाह्यतो." ते खरंच खिडकीकडे वळले.

केतकीने माझ्याकडे पाहिलं. सगळे थांबले होते. इतक्या लांबून मी त्याच्यासाठीच आले होते.

"राहू दे," मी म्हणाले. "परत जाऊ दे ती."

प्रल्हादभाऊंनी रिकाम्या पाच वाघिणी, ती एक भरलेली आणि मागे दोन कंटेनर अशी गाडी जोडली. गाडी जोडावरून आमच्या टेबलावर आली आणि यार्डात थांबली. मग शीलाताईंनी चहा ठेवला.

रात्री मेहकरला राहिलो. स्टँडजवळ हजाराच्या आत साधी, स्वच्छ खोली मिळते. सकाळी बालाजीचं दर्शन घेतलं. लोणार जवळ आहे, वेळ असेल तर जरूर करा. आम्ही केलं नाही. परतताना टप रिकामा होता, गाडी भरभर गेली. सहावी वाघीण माझ्या मांडीवर होती. प्रल्हादभाऊंनीच कापसात गुंडाळून दिली होती.

घरी फरशीवर टेबलाच्या चार पायांचे ठसे आहेत. सामानाची खोकी भरून झाली आहेत. वाघीण स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे.

काल प्रल्हादभाऊंचा फोन आला. संध्याकाळी गाडी चालवतात, गल्लीतले लोक पाहायला येतात.

"पाचच वाघिणींची चालवून राह्यलो, वहिनी. सहावीची जागा तशीच सोडली. घाई नाही."

पितळ काढून खिळ्यांचे तुकडे भरले की ती चालेल. चिमटा आणि गोंद मी खोक्यात टाकलेले नाहीत, बाहेरच आहेत. अर्ध्या तासाचं काम आहे. अजून केलेलं नाही.