हातात झोपणारी पक्कड

डुलकीकाकांच्या दुकानात गिऱ्हाइकाला आधी डोळे मिटायला लागायचे. भाव, कंपनी, गॅरंटी हे सगळं मागाहून. डोळे मिटायचे, हात पुढे करायचा आणि काका तळहातावर काय ठेवतात त्याची वाट बघत उभं राहायचं. तुळिंजचा बाजार, भर दुपार, बाहेर रिक्षांची बोंबाबोंब, आणि आत फळीशी एक इलेक्ट्रिशियन, एक प्लंबर, एक सुतार असे तीन दणकट बाप्ये हात पसरून गप्प उभे. नवख्या माणसाला वाटायचं, इथे प्रसाद वाटतात. आमच्या चाळीतली एक बाई तर खरंच रांगेत उभी राहिली होती. हातात गार पाना पडल्यावर जी किंचाळली, ती पुन्हा त्या बाजूला फिरकली नाही.

पाटीवरचं नाव उन्हानं कधीच उडून गेलं होतं. डुलकीकाका हे नाव गिऱ्हाइकांनी ठेवलेलं, आणि काकांनीही ते मुकाट्यानं लावून घेतलेलं. त्यांच्या पापण्या कायम अर्ध्या मिटलेल्या. तरुणपणी ते बोटीवर वायरमन होते. बोटीच्या पोटात दिवस कुठला आणि रात्र कुठली कळत नाही, तिथेच ही सवय लागली म्हणायचे. पुढे बोटीवरची नोकरी सुटली, राजोडीचं घर आणि हे दुकान राहिलं, आणि पापण्याही तशाच राहिल्या. त्यांच्याशी बोलताना माणूस आपोआप हळू बोलायला लागायचा. मी मूळची तोंडाळ, पण मीसुद्धा.

नावाचं दुसरं कारण म्हणजे त्यांचं एक ठरलेलं वाक्य. "चांगलं हत्यार हातात झोपतं, बाय. लेकरासारकं. वाईट असलं की रडतं. दिवसभर रडतं, मग रातीला तुला पन झोपू देत नाय." गिऱ्हाईक डोळे मिटून पक्कड धरून उभं असलं की काका फळीवरून वाकून अगदी हलक्या आवाजात विचारायचे, "झोपली का?" कुणी भिडेखातर घाईनं हो म्हटलं तर लगेच हातातून काढून घ्यायचे. "लाजून हो म्हनू नको. लगीन नाय करत तू हिच्याशी." मग दुसरी ठेवायचे.

स्वतः ते हत्यार कसं पारखायचे, ते बघत बसावंसं वाटे. पक्कड मिटून दाराच्या उजेडाकडे धरायची. जबड्याच्या फटीतून उजेड दिसला की ती बाद. मग कानाशी नेऊन दोन-चारदा उघडझाप करायची. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक स्क्रूच्या खाचेत बसवून उलटा धरायचा आणि स्क्रू पडतो का बघायचं. मुठीवरचं प्लॅस्टिक नखानं दाबायचं, कारण विजेच्या कामात तेच आपलं कातडं. हे सगळं इतकं सावकाश चालायचं, की उन्हाचा तुकडा फळीवरून सरकत मापाच्या टेपांपर्यंत जायचा. दुकानात मशीनच्या तेलाचा वास, कापडात गुंडाळलेल्या हत्यारांच्या ओळी, आणि मध्ये हा माणूस डोळे मिटून लोखंडाचं ऐकत बसलेला. ते दुकान मला आजही स्वप्नात दिसतं, आणि स्वप्नातही तिथे दुपारच असते.

चकचकीत पेटीतले सेट मात्र त्यांनी कधी ठेवले नाहीत. कुणी मागितला तर म्हणायचे, "एका पेटीत बारा भावंडं, आनि एक पन धड जेवलेलं नाय. त्यापेक्षा एक घे, पन पोसलेलं घे." गिऱ्हाईक फणकारून शेजारच्या दुकानात जायचं. काका ते गेलेलंही बघायचे नाहीत.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती माझ्या मनगटामुळे. नव्वद सालानंतरची ती मधली वर्षं. सातिवलीला एका गाळ्यात आम्ही बायका कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करायचो. तारा कापायच्या, सोलायच्या, टोकाला तांब्याची टोपी चढवून पकडीनं दाबायची, स्क्रूखाली बसवायची. मला ते काम मनापासून आवडायचं. उघड्या पॅनेलमध्ये लाल, पिवळ्या, निळ्या तारा ओळीनं वळवून बांधल्या की वाटायचं, हे मी केलं. पण उजवं मनगट दुखायला लागलं. आधी कळ, मग सूज, मग पोळपाट-लाटणंसुद्धा धरवेना. सुपरवायझरनं बघितलं आणि म्हणाला, "बाईचा हात हा. पॅकिंगला जा. महिनाअखेरीला बघू." पॅकिंग म्हणजे खोकी चिकटवायची. मेल्याला काय जातंय बोलायला! पण घरी आल्यावर मोरीत तोंड धुताना मी खूप रडले. माझी जागा त्या तारांपुढे होती, आणि ती जाणार होती.

कुणीतरी म्हटलं, डुलकीकाकांना दाखव. मी पिशवीतून माझी पक्कड काढून फळीवर ठेवली. काकांनी ती उचलली आणि त्यांच्या त्या अर्ध्या मिटलेल्या पापण्या पूर्ण उघडल्या.

"ही गादी कोनी बांधली?"

"मीच. दुखायचं म्हणून. मऊ लागावी म्हणून टेप गुंडाळली."

"आनि तरी दुखलं?"

"मग आणखी गुंडाळली."

आमच्या गाळ्यात सगळ्याच जणी तेच करायच्या. हातात टेपचं रीळ असतंच, दुखलं की एक फेरा, आणखी दुखलं की आणखी एक. काकांनी टेप सोडवायला घेतली. काळ्या टेपची ती साप-सुरळी फळीवरून खाली लोंबायला लागली. शेवटी आतून जी पक्कड निघाली ती मी विसरूनच गेले होते. काकांनी माझी मूठ तिच्याभोवती ठेवली. बोटांची नुसती टोकं पलीकडच्या दांडीला पोचत होती.

"बघ. मुळातच पुरुषाच्या पंजाची पक्कड. तू वरनं तिला अजून जाडी केलीस. दर टायमाला तुझा हात फाटेपर्यंत उघडायचा आनि मग दाबायचा. हाताची चूक नाय, बाय. हात शाना हाय तुझा. ओरडत होता, तू त्याच्या तोंडावर टेप लावलीस."

मला हसूही आलं आणि हुंदकाही. काका मागच्या कप्प्यांकडे गेले, बराच वेळ कापडं उलगडत बसले. मग आवाज आला, "डोळे मीट."

पहिली नको झाली. दुसरी बरी होती, पण काकांनीच काढून घेतली. तिसरी हातात आली आणि मी थांबले. आखूड दांड्यांची, आत बारीक स्प्रिंग असलेली. मूठ सैल केली की आपणहून उघडायची, मला ताण द्यायलाच लागायचा नाही. माझी बोटं तिच्याभोवती अशी मिटली, जशी घरी आल्यावर उंबऱ्यावर चप्पल निघते. बाहेरचा गोंगाट लांब गेला.

"झोपली का?"

"झोपली, काका."

आठ दिवस सांभाळून काम कर, जोर तिला लावू दे, तू लावू नको, असं त्यांनी बजावलं. सूज उतरली. महिनाअखेरीला सुपरवायझर आला, माझं पॅनेल बघून गेला आणि पॅकिंगचं नाव पुन्हा काढलं नाही. माझ्यापाठोपाठ गाळ्यातल्या सगळ्या जणी आपापल्या गाद्या घेऊन तुळिंजला गेल्या. काकांनी त्या दिवसांत इतकी टेप सोडवली, की नखं काळी झाली होती.

मग दर रविवारी माझा पाय तिकडे वळायला लागला. चर्चहून आले की काका दुपारपर्यंत दुकान उघडं ठेवायचे. एका खंडेनवमीच्या आधी मी पूजेला ठेवायला नवीकोरी पक्कड मागितली, तर वसकन अंगावर आले. स्वतः ख्रिस्ती, पण आमच्या पूजेची शिस्त मला शिकवत होते. "नव्यानं काय केलंय अजून? ज्यानं काम केलं त्याला फूल घाल. आनि पानी नको शिंपडू, गंजंल." त्या वर्षी माझ्या वापरून घासलेल्या पकडीला झेंडू मिळाला. आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला.

मग रक्तातल्या साखरेनं काकांची बोटं बधिर केली. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एका प्लंबरला ढिला पाना दिला गेला, तो परत घेऊन आला, आणि काका पाना हातात फिरवत नुसते बसून राहिले. त्यांना तो ढिलेपणा लागतच नव्हता. मी तिथेच होते. प्लंबर गेल्यावर म्हणाले, "बाय, मला आता लोखंड आनि लाकूड सारकंच." एवढंच. मी उठून फळीच्या आत गेले, डोळे मिटले आणि हात पुढे केला. "ठेवा," म्हटलं. "तुम्ही ऐका, मी धरते."

पुढची काही वर्षं आमचं रविवारचं दुकान असं चाललं. ते कानाशी उघडझाप करायचे, मग पक्कड माझ्या तळहातावर ठेवायचे. मी सांगायचे, डावीकडे जड आहे, मूठ घसरते आहे. ते मान हलवायचे. गिऱ्हाइकं थट्टा करायची की आता दोघं डोळे मिटतात, गल्ला कोण बघतो? काका म्हणायचे, "हात तिचा, पारख माजी. गल्ल्यावर देव बसलाय."

ते गेले तेव्हा पावसाळा सरला होता. राजोडीच्या घरी गेले तर अंगण माणसांनी भरलेलं. वायरमन, प्लंबर, सुतार, आमच्या गाळ्यातल्या बायका. खोलीत काका पांढऱ्या सदऱ्यात, हात छातीवर. त्यांच्यात जाणाऱ्याच्या हातात रोझरीची, म्हणजे जपाची माळ द्यायची असते. काकी उशाशी बसल्या होत्या, आणि त्यांच्या ओटीत दोन माळा होत्या. एक नातेवाइकांनी आणलेली, नवी, चांदीची. एक जुनी लाकडी, बोटीवरच्या दिवसांपासूनची, मणी झिजून बारीक झालेली. नातेवाईक म्हणत होते चांदीची द्या. काकींना सुचत नव्हतं. मला बघितल्यावर त्यांनी दोन्ही माळा पुढे केल्या.

"बाय, तू सांग. कंची देऊ? त्याचा हात तूच ना आता."

मी त्यांच्या देवाची नव्हे, त्यांच्या बोलीची नव्हे. पण मला दुसरं काही येत नव्हतं, आणि हे येत होतं. मी डोळे मिटले. चांदीची माळ थंड होती, बोटांतून निसटत होती. मग लाकडी. मणी एकेक करून माझ्या तळहाताच्या खोबणीत उतरले आणि तिथे थांबले. मी पुढे झाले, काकांची बोटं उघडली आणि ती माळ त्यांच्यात ठेवली.

बाजूला उभा असलेला तो प्लंबर, तोच ढिला पाना परत आणणारा, डोळे पुसत हलकेच म्हणाला, "झोपली का?"

काकींनी काकांच्या बंद मुठीवर हात ठेवला. "झोपली," म्हणाल्या.