वीस सेकंद

स्टेशनमास्तर कुवाबारांचं बोट एकोणचाळीस वर्षांत कधी चुकलं नव्हतं. पांढरा हातमोजा घालून ते घड्याळाकडे बोट रोखायचे, "वेळ, ठीक" म्हणायचे. मग सिग्नलकडे रोखायचे, "सिग्नल, ठीक" म्हणायचे आणि मगच शिट्टी फुंकायचे. घरी गॅस बंद करतानाही बोट आपोआप वर जायचं. बायको म्हणायची, "एकदा माझ्याकडेही रोखा. ठीक आहे का ते कळू दे."

जपानमधलं हे स्टेशन म्हणजे एक फलाट आणि आत यायचं एक फाटक. समुद्र इतका जवळ, की वारा सुटला की फलाटावरच्या घड्याळाच्या काचेवर मीठ धरायचं. रोज सकाळी स्टुलावर चढून ती पुसायची, हेही मास्तरांचंच काम. मार्चअखेर त्यांच्या जागी एक यंत्र येणार होतं. मास्तरांना त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं. गुडघे इतके थकले होते, की हे काम अंगावर घेणाऱ्या यंत्राचीच कीव यायची. त्यांना एवढंच हवं होतं, निरोपाच्या दिवशी मिळणारं 'बिनचूक सेवा' असं लिहिलेलं प्रमाणपत्र. वडीलही याच फलाटावर मास्तर होते. त्यांचं ते एका चुकीपायी हुकलं होतं.

त्या मंगळवारी गुडघा फारच कुरकुरत होता, म्हणून मास्तरांनी स्टूल काढलंच नाही; काच मिठानं धूसरच राहिली. सात सव्वीसच्या गाडीच्या वेळी घड्याळाकडे बोट रोखलं, "वेळ, ठीक" म्हटलं, शिट्टी फुंकली. गाडी हलल्यावर सवयीनं खिशातलं घड्याळ पाहिलं, तर अजून वीस सेकंद बाकी होते. बोट वर गेलं होतं, डोळे गेलेच नव्हते.

फाटकापाशी इसोगाई आजी उभ्या होत्या. वय एकोणऐंशी, रोज चार स्टेशनं पलीकडे मासळी चिरून वाळत घालायला जायच्या. त्यांनी जाणाऱ्या गाडीकडे पाहिलं, मग मास्तरांना कमरेत वाकून म्हणाल्या, "माफ करा मास्तर, माझी गाडी चुकलेली तुम्हाला उगाच बघावी लागली." आणि पुढच्या गाडीची वाट न बघता घरी गेल्या.

दुपारी त्यांनी वरच्या कार्यालयात नागुमो साहेबांना फोन करून वीस सेकंदांचं सांगितलं. साहेब मुलाच्या वयाचे.

"कुणी तक्रार केली?"

"नाही."

"ड्रायव्हर काही बोलला?"

"तो माझ्या शिट्टीवर चालतो, साहेब."

"मग तुम्ही कशाला बोलताय? तीन आठवडे राहिलेत. गप्प बसा, जरा झोप काढा."

झोपेचा सल्ला मास्तरांना एकदम पटला. ते गप्प बसले.

गुरुवारी आजींची सून त्यांचा पास परत करायला आली. "सासूबाई म्हणतात, पाय गेले. नेहमीच्याच वेळी निघाले, नेहमीसारखीच चालले, तरी गाडी सुटली. आता बाहेर पडणं बंद. दोन दिवस खिडकीत बसून आहेत."

मास्तरांनी पास हातात घेतला. मग तो तिच्या हातात परत ठेवला. "आजींना सांगा, पाय वेळेवर होते."

ती गेल्यावर त्यांनी कागद घेतला आणि ठळक अक्षरात लिहिलं, 'मंगळवारी सात सव्वीसची गाडी वीस सेकंद आधी सुटली. चूक माझी. कुवाबारा.' कागद फाटकावर चिकटवला. संध्याकाळपर्यंत ते कार्यालयात पोचलं आणि नागुमो साहेबांचा फोन आला. म्हणाले, "आता मला नोंद करावीच लागणार. प्रमाणपत्र विसरा."

"विसरलो," मास्तर म्हणाले. आवाजात राग नव्हता, फक्त दमणूक होती. त्या रात्री जेवताना बायकोनं भाताचा वाडगा न विचारता दुसऱ्यांदा भरला.

शुक्रवारी आजी दहा मिनिटं आधीच आल्या. चष्मा लावून कागद सावकाश वाचला, पुन्हा वाचला.

"दोन दिवस मी म्हातारी झाले होते, मास्तर. आणि चूक तुमची?"

"माझी."

"स्टूल कुठंय?"

मास्तरांनी स्टूल आणलं. आजींनी ते दोन्ही हातांनी धरलं. मास्तर कण्हत वर चढले आणि काचेवरचं मीठ पुसलं. गाडी आली. त्यांनी बोट रोखलं. "वेळ, ठीक."

"नक्की ना?" आजींनी गाडीच्या दारातून विचारलं.

मास्तरांनी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं.