अक्का, हिमालय आणि माझे पॉइंट

आमच्या घरात आजवर फुकट मिळालेली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे अक्काचं विमानाचं तिकीट.

अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यामुळे मला आंघोळ घालण्यापासून वकिलीच्या परीक्षेला ढकलण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. अजूनही ती मला पुट्ट्या म्हणते. पुट्टा म्हणजे कन्नडमध्ये चिमुकला. (मला दोन नातवंडं आहेत. कोर्टातले अशीलही हल्ली हे नाव ऐकून आहेत.) धारवाडच्या मराठी शाळेत तिनं जन्मभर भूगोल शिकवला. दरवर्षी शाळेच्या अंगणात पोरांकडून तांबड्या मातीचा हिमालय करून घ्यायची, आणि वर चुन्याचं बर्फ! खरा हिमालय मात्र तिनं कधीच पाहिला नव्हता. आधी मी होतो, मग शाळा होती, मग गुडघे आले. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं तेव्हा हुबळीजवळच्या नवनगरातल्या आपल्या घरात पाय चोळत ती म्हणाली, "राहिलं ते राहिलं. आता हिमालयानंच नवनगरला यावं."

ते वाक्य माझ्या काळजात रुतलं. आणि नेमक्या त्याच सुमारास मला क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांचा शोध लागला.

कार्डानं खर्च केला की पॉइंट मिळतात आणि ते डोकं लावून वापरले की विमानप्रवास फुकट होतो, असं मोबाइलवर एक गृहस्थ रोज सांगायचे. (ते स्वतः कायम कुठल्या ना कुठल्या विमानतळावरच असायचे. घरचे त्यांना घरात घेत नसावेत.) झालं! मी पेटलो. आपल्या खर्चाचे पॉइंट पुरेनात, तेव्हा दुसऱ्यांच्या खर्चाकडे वळलो. कोर्टाच्या बाररूममधल्या मित्राला फ्रिज घ्यायचा होता, तर त्याच्याबरोबर कोप्पीकर रोडवरच्या दुकानात मी हजर. "रोख मला द्या, कार्ड मी घासतो!" शेजारच्या देशपांड्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, तर साड्यांच्या दुकानात वधूपित्याच्या आधी मी गादीवर जाऊन बसलेला. दुकानदारानं मलाच वधूपिता समजून सरबत दिलं. एकदा भाजीवाल्या बाईसमोरही कार्ड धरलं. ती कोथिंबिरीची जुडी परत घेत म्हणाली, "कार्ड-गीर्ड ब्याड री, रोक्का कोडरी." म्हणजे कार्डबिर्ड नको, रोख काढा. त्या दिवशी आमटी कोथिंबिरीशिवाय झाली.

माझी बायको वैशाली बँकेत आहे. ती एवढंच म्हणाली, "अहो, गावाला फ्रिज घेऊन देताय. आपला गळतोय, तो बघा."

पण मी बधलो नाही. पॉइंट जमले. आता ते वापरायचे कसे? मोबाइलवरचे गृहस्थ म्हणाले, साध्या वर्गाच्या तिकिटावर पॉइंट घालवणं हा मूर्खपणा, खरी किंमत वसूल होते ती बिझनेस क्लासमध्ये. मला पटलं. पेढ्यानं कुणी भांडी घासतं का? मी मार्ग शोधून काढला : हुबळीहून दिल्ली, दिल्लीहून बागडोगरा, तिथून मोटारीनं दार्जिलिंग. दिल्ली-बागडोगरा विमानात डाव्या खिडकीतून सबंध हिमालय दिसतो म्हणे. आणि त्या विमानात, बिझनेस क्लासमध्ये, डाव्या खिडकीची जागा पॉइंटांवर मिळत होती!

एकच.

पॉइंटही तेवढेच होते. मग अक्काला ती राजेशाही खुर्ची, आणि आम्हा दोघांना पैसे भरून मागच्या दोन खुर्च्या. अगदी मागच्या, उजवीकडच्या, संडासाला लागून. पुढच्या खुर्च्यांना जादा पैसे पडत होते, आणि एवढं वाचवल्यावर उधळपट्टी कशाला!

वैशालीनं हिशेब ऐकून घेतला. "म्हणजे एक तिकीट फुकट मिळावं म्हणून आपण दोन विकत घेतली?"

"वैशाली, व्हॅल्यू बघ व्हॅल्यू!"

"आणि हुबळी ते दिल्ली? ती तीन तिकिटं?"

"तीही विकत. पण त्यांचे पॉइंट मिळाले ना!"

अक्काची वेगळीच चौकशी. "फुकट आहे ना रे? नाहीतर मी येणार नाही."

"एकदम फुकट!"

"आणि तू शेजारी बसशील ना? मी कधी विमानात बसले नाही बाबा."

"अक्का, विमान एकच आहे," मी म्हणालो. (हे वकिली उत्तर. खोटं नाही, पण देवापुढं म्हणू नये.)

हुबळी ते दिल्ली तिघं एका ओळीत बसलो. विमान उडताना अक्का माझा हात घट्ट आवळून होती, त्यामुळे मला बोटं आहेत हे उतरेपर्यंत जाणवत होतं. खरी फजिती सुरू झाली ती दिल्लीहून पुढच्या विमानात. दारातच एअर होस्टेसनं अक्काला हात जोडले, तिची पिशवी घेतली आणि तिला सोफ्यासारख्या खुर्चीत बसवलं. आम्हाला मात्र नुसतंच "मागे चला." मी चालू लागलो आणि पाठीमागून खणखणीत हाक आली. चाळीस पोरांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज तो!

"पुट्ट्या! अरे, माझ्या भावाला कुठं नेताय?"

सबंध विमानानं पुट्ट्याकडे पाहिलं. पुट्ट्याला टक्कल होतं.

विमान उडालं, आमच्यामध्ये पडदा ओढला गेला. थोड्या वेळानं एअर होस्टेस माझ्याकडे आली आणि तिनं माझ्या हातावर एक रुमाल ठेवला. आत गरम काजू-बदाम! "मॅडमनी पाठवलेत. म्हणाल्या, टकलू भाई को देव." मग काचेच्या बशीतून केक आला. त्यानंतर पडदा हलला आणि हातात भाताची ताटली घेऊन अक्काच लंगडत आली.

"तुम्हाला काय दिलं?" तिनं विचारलं. मला एक गारढोण सँडविच मिळालं होतं. बर्फाची पहिली ओळख म्हणून ते ठीक होतं.

"अय्यो! आणि मला चांदीसारखे चमचे! शेजारी कोण? कोट घातलेला एक बाप्या, तो झोपलाय. एकटीच्या घशाखाली उतरत नाही रे." तिथंच, संडासाच्या दारात उभी राहून ती मला भात कालवून द्यायला लागली! मी लाजेनं अर्धा झालो. एअर होस्टेसनं विनवण्या करून तिला परत नेलं. वैशाली खिडकीकडे तोंड करून हसत होती, आणि भात मात्र चांगला होता.

मग ते घडलं. पडदा फाडल्यासारखा बाजूला झाला. गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलेली माझी बहीण जवळजवळ धावत आली.

"पुट्ट्या, ऊठ! धवलगिरी!"

मी उठलो. तिच्यामागून पुढं जाऊ लागलो, तर पडद्यापाशी मला अडवलं. माझं तिकीट मागचं! अक्कानं क्षणभर विचार केला, तिथंच मधल्या वाटेत उभी राहिली आणि टाळ्या वाजवल्या.

"सब लोग डावे बाजू देखो! ढकलाढकली नहीं करने का!"

आणि लोकांनी ऐकलं हो! डावीकडच्या एका सरदारजींनी आपली खिडकी तिला दिली. उजवीकडची माणसं उठून डावीकडे आली. अक्का खिडकीला नाक लावून एकेक नाव घेऊ लागली. "ये अन्नपूर्णा. ये मनास्लू. रुको, रुको, अब आएगा... वो काला दिखता है ना, बर्फ कम है, हवा से उड़ता है... एव्हरेस्ट!" हातात नकाशा नाही, काही नाही. तिला ती सगळी शिखरं ओळखीच्या घरांसारखी पाठ होती. कॅप्टनची घोषणा नंतर झाली. "त्याला उशिरा दिसलं," अक्का म्हणाली.

मला काय दिसलं? पाठी. माझ्यासमोर वाटेत पाठींची भिंत होती, आणि तीत कुणाचा तरी लाल स्वेटर. डोकावावं म्हणून टाचा उंचावल्या, तोच एका बाईनं "भैया, एक फोटो, बस" म्हणत आपलं तान्हं मूल माझ्या हातात दिलं. मुलानं माझ्या चष्म्याचा ताबा घेतला. वैशाली मघाशीच "अक्कांची पर्स पुढं राहिली, बघून येते" म्हणून गेली होती. ती बागडोगरा येईपर्यंत अक्काच्या त्या सोफ्यावरून परतली नाही.

पण मला ऐकू आलं. नावं घेता घेता अक्काचा आवाज चिरकला. मराठीत, कुणालाच उद्देशून नाही, ती हळू म्हणाली, "आहे. खरंच आहे. एवढी वर्षं पोरांना सांगत होते... आहे की रे सगळं!"

सरदारजींनी तिला पाण्याची बाटली दिली. माझ्या हातातलं पोरही चष्मा चोखायचं थांबलं. मला तेव्हा नाहीतरी काही दिसलंच नसतं, डोळे भरून आले होते.

खाली उतरल्यावर, बॅगा यायची वाट बघताना, तिनं विचारलं, "दिसला ना रे तुला?"

"दिसला की! काय दिसला अक्का!"

"कांचनगंगेची शिखरं किती?"

"दोन?"

"पाच. आत्ताच सांगितलं सगळ्यांना. नापास!" मग माझा दंड धरून ती म्हणाली, "तुला नाही दिसला. मला कळलं होतं. पुढच्या खेपेला फुकटचं नको बाळा. शेजारी बस."

दार्जिलिंगला आम्ही होतो तेवढे सगळे दिवस दाट धुकं. हॉटेलातून समोरचं हॉटेल दिसेना, तिथं कांचनगंगा कुठली! अक्का मजेत होती. तिचं पाहून झालं होतं. पण मी जिद्दीला पेटलो. परतीच्या विमानात मी जादा पैसे भरून तीन जागा घेतल्या, ओळीनं, पंखाच्या पुढच्या, डावीकडच्या! खिडकीत अक्कानं मलाच बसवलं. "या खेपेला तू बघ," म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून, माझा हात धरून, झोपून गेली.

विमान वर चढलं. मी खिडकीला नाक लावलं. थोड्या वेळानं "अहाहा", "वो देखो" असे आवाज येऊ लागले.

उजवीकडून.

भूगोलाच्या बाईंच्या हाताखाली वाढलेल्या माणसाला हे समजायला हवं होतं. हिमालय जागचा हलला नव्हता, आम्ही उलटे फिरलो होतो! आता उठावं, तर खांद्यावर अक्काचं डोकं. मी जागचा हललो नाही.

पलीकडून वैशालीनं मान पुढं काढून कुजबुजत विचारलं, "काय दिसतंय हो?"

"बिहार," मी म्हणालो.