गोव्याच्या विमानातून मुंबईच्या गाडीत

नागपूरहून सकाळच्या विमानानं गोव्याला उतरायचं आणि तिथून गाडी करून रात्रीच्या जेवणाला रत्नागिरीजवळ मालगुंडला, आमच्या घरी, पोचायचं असा माझा सरळ बेत होता. माझा थोरला भाऊ, दादा, बोटीवर फिटर आहे. दुसऱ्या दिवशी रात्रीच्या गाडीनं तो मुंबईला आणि तिथून बोटीवर जाणार होता. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा तो भर समुद्रात होता आणि त्याला सगळं उरकल्यावर कळवलं. तेव्हापासून आमची गाठ नाही. फोनवर तो हवापाण्याचं बोलतो. त्या विषयावर एकदाच म्हणाला, "तेव्हाच का नाय कळवलंस, ते समोर बसून सांग." तेच सांगायला मी निघालो होतो.

गोव्यावर ढग इतके होते की विमान घिरट्या घालून मुंबईला जाऊन उतरलं. इथून पुढं काय चाललं होतं ते मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही. आधी आम्हाला विमानातच बसवून ठेवलं, मग उतरवलं. काउंटरवरची एक बाई म्हणाल्या, थोड्या वेळात निघू. दुसऱ्या म्हणाल्या, वैमानिकाची ड्यूटी संपली. तिसऱ्या गृहस्थांनी विचारलं, "कुठलं विमान?" फलकावर तर आमचं विमान केव्हाच गोव्याला पोचलेलं होतं. तो फलक मी त्यांना दाखवला, तर ते माझ्याकडेच संशयानं बघायला लागले.

बॅग परत मागितली, तर ती गोव्याची आहे म्हणाले. हॉटेल मागितलं, तर उत्तर मिळालं, "तुमचा पत्ता महाराष्ट्रातला आहे. तुम्ही घरी जाऊ शकता." नागपूर म्हणजे अंधेरीच्या पुढचं स्टेशन नव्हे, हे मी समजावून सांगितलं. बाईंनी सहानुभूतीनं मान हलवली आणि उपम्याचा डबा दिला. त्यात गरम पाणी घालायचं होतं आणि गरम पाणी संपलं होतं. रात्र खुर्चीतच काढली.

सकाळी कळलं, विमान संध्याकाळी आहे. तसं दादाला कळवलं. तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. थोड्या वेळानं घोषणा झाली की विमान नाहीच, कंपनीनं गोव्यापर्यंत बस केली आहे. मला आनंदच झाला, कारण ती बस रत्नागिरीवरूनच जाणार. पुन्हा दादाला फोन लावला, तो लागेना. मालगुंडच्या रेंजचा तसाही भरवसा नाही. बसमध्ये कोट घातलेले एक प्रतिनिधी होते. त्यांना मी म्हटलं, "मला वाटेत निवळीला सोडा, तिथून घर जवळ आहे."

"सर, तुम्ही गोव्याचे प्रवासी आहात. मध्ये उतरता येत नाही."

"पण मला जायचंय मालगुंडलाच."

"मग गोव्याला उतरून परत या."

महाड मागं पडलं आणि घरचा फोन लागला. वहिनी म्हणाल्या, "हे गेले ना भावोजी, दुपारच्या गाडीनं. बोटीच्या कंपनीचा फोन आला, आज रात्रीच हजर व्हायचं. जाता जाता विमानतळावर तुम्हाला भेटतो म्हणाले."

मी त्याच्याकडं निघालो होतो आणि तो मी सोडलेल्या जागी निघाला होता. "वहिनी, त्याला लगेच फोन लावा. मी बसमध्ये आहे म्हणून सांगा."

"मी नाय लावणार. दर्यावर निघालेल्या माणसाला मागसून (पाठीमागून) हाक मारत नाय आपल्यात."

"अहो, हा फोन आहे."

"फोन म्हणजे हाकच ती. तुम्ही लावा. तुम्ही पुढसून येताय, तुम्हाला चालतं."

मग मीच लावत राहिलो आणि दादाची गाडी एका बोगद्यातून दुसऱ्या बोगद्यात शिरत राहिली. कशेडीचा डोंगर ओलांडून बस खेडच्या भरणे नाक्यावर जेवायला थांबली, तेव्हा कुठं त्याचा आवाज आला.

"खेडला क्रॉसिंगला टाकलीय गाडी," तो म्हणाला. "तू विमानतळावरच थांब, येतो मी."

"मीही खेडलाच आहे. उतरू नकोस, आलो."

प्रतिनिधी मागून ओरडले, "सर, बॅग गोव्याला जाईल." जाऊ दे म्हटलं आणि रिक्षात बसलो. स्टेशनवर समोरून येणारी गाडी धडधडत निघून गेली, म्हणजे आता आमचीही सुटणार. दादा दारात उभा होता. त्यानं हात दिला आणि मी चढलो. असा मी परत मुंबईला निघालो.

दादानं डबा उघडला. घावणे (तांदळाच्या पिठाची पातळ धिरडी) आणि सुक्या जवळ्याची चटणी. "विमानवाल्यांनी जेवायला घातलं काय?" त्यानं विचारलं. मी उपम्याची हकीकत सांगितली, तो हसला. माणगाव मागं पडेपर्यंत मी विमानाचंच सांगत राहिलो. शेवटी बाहेर बघतच मूळ विषय काढला.

"बाबांनीच सांगितलं होतं. पोर दर्यावर आहे, त्याला मागसून हाक मारू नको, सगळं झाल्यावर सांग, म्हणाले."

"बाबा बोलले असं?" त्यानं दोनदा विचारलं. मी हो म्हटलं. मग तो म्हणाला, "मला वाटायचं, तुम्ही धरूनच चाललात की हा काय काम सोडून यायचा नाय."

मला रडू आवरलं नाही. तोही डोळे पुसत होता.

आता विमानतळावर जायचं कारण उरलं नव्हतं, म्हणून बंदराकडं जायला तो पनवेललाच उतरला. मी मुंबईहून रेल्वेनं नागपूरला परतलो. गोव्याला गेलो नाही, मालगुंडलाही नाही. बॅग तेवढी गोव्याला जाऊन आली. विमान कंपनीनं मात्र गोव्याचा प्रवास कसा झाला ते कळवा म्हणून दोनदा विचारलं आहे. काय कळवायचं? कुठल्या बाईंचं खरं होतं, ते विमान कुठं गेलं, मी नेमका कुठला प्रवासी होतो, यातलं काहीच मला सांगता येणार नाही. त्या दोन दिवसांत मला नीट कळलं ते एवढंच, की बोलावलं असतं तर दादा आला असता.