शेजारणीकडं असंल

आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एक फडकं वाळवलं. लेक दोघांनाबी पुण्याला न्यायलाय म्हणून कौसानं, माझ्या बायकोनं, धुतलेलं फडकं घरच्या दह्यात बुडवलं. मी दोरी बांधली, तिनं ते सावलीत टाकलं. वाळल्यावर घडी करून डब्यात ठेवलं. तिकडं कोमट दुधात सोडलं की वस्तीचं विरजण परत जितं होतंय, म्हणाली. चार दिवसांनी छातीत कळ आली आन् ती गेली. विहारात तिच्या नावानं वंदना म्हणली, पुण्यानुमोदन झालं. गंगाखेडहून पुण्याच्या गाडीत मी एकटाच बसलो, मांडीवर डबा.

गावाकडं, राणीसावरगावात, आमच्या वस्तीत एकच विरजण घरोघर फिरायचं. कुणाचं नासलं की वाटी घेऊन शेजारी. सुट्टीत आलेल्या नातवंडांना कौसा गोष्ट सांगायची. एका गावात परतेकीला वाटायचं, आपलं नासलं तर नासलं, शेजारणीकडं असंल. एका सकाळी साऱ्याजणी वाट्या घेऊन निघाल्या आन् रस्त्यातच एकमेकीला भेटल्या. साऱ्या वाट्या रिकाम्या. पोरं हसायची. मग काय झालं, विचारायची.

"मग काय, एक म्हातारी लाज सोडून परक्या गावात मागायला गेली."

पुण्यात सुनेनं डबा उघडला, वास आला म्हणून फडकं मशीनमध्ये टाकलं. तिला काय बोलू, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी शेजारच्या सखूला फोन लावला. चाळीस वर्सं कौसाकडून विरजण नेलेली बाई. म्हणलं, कुणी इकडं येत असंल तर डबीभर धाड.

"आता कोण लावतंय दाजी? दुकानात पुडी मिळती की. तुमच्या पुण्यात न्हाई का?" वर हसली.

मग फोनवरच एकेक घर विचारलं. कुणाकडंच न्हाई. वस्तीवाल्यांनो, तुमाला तिचं चमचाभर सांभाळता आलं न्हाई. मरण कुणाच्या हातात नसतंय. चमचा होता.

त्या रागानं भाकर गेली न्हाई. मग ध्यानात आलं, चाळीस वर्सं दही खाल्लं, लावलं एकदाबी न्हाई. ती गेली तवा गाडग्यात दही होतं. माझ्या डोळ्यादेखत नासलं. शेजारणीकडं असंल, असं मीबी म्हणलो होतो.

घर म्हणावं तर गावाकडं कुलूप हाय आन् इथं बेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी घेतली. समोरच्या दारात गेलो. इथं येऊन दोन महिने झाले, त्यांचं नावबी ठाऊक न्हाई. बेल दाबली.