भिंतीपलीकडचा चमचा

आमच्या आणि शेजारच्या स्वयंपाकघराची भिंत एकच आहे, आणि ती बांधणाऱ्याने सिमेंटमध्ये सढळ हाताने काटकसर केलेली आहे. पलीकडे लसूण सोलला की इकडे सालं उडतात, असं मी म्हणतो. आमची ही म्हणते, "भिंत चांगली जाड आहे, तुमचे कान पातळ आहेत." ही दवाखान्यात नर्स, म्हणजे दिवसभर बाहेर. मी विम्याचा एजंट, म्हणजे दिवसभर घरात, फोनला चिकटलेला. त्यामुळे आमच्या घरात भाजीही मीच निवडतो आणि बातम्याही मीच निवडतो. पलीकडच्या ताईंनी माझं नाव 'रेडिओ' ठेवलं होतं. पुढे अख्ख्या जिन्यात तेच रूढ झालं. आता पोस्टमनसुद्धा "रेडिओसाहेब आहेत का?" असं विचारतो.

ताई सार्वजनिक वाचनालयात बाइंडर होत्या. वाचनालयाच्या तळघरात एक खोली होती, तिथे फाटकी पुस्तकं यायची आणि धडधाकट होऊन वर जायची. बोलता बोलता बोटांवर वाळलेली खळ सोलून काढायची त्यांना सवय होती. माणसांकडेही त्या पुस्तकासारख्याच बघत. मला एकदा पाठीत उसण भरली होती, तर म्हणाल्या, "रेडिओ, तुझी शिवण उसवलीय. दोन दिवस दाबाखाली ठेवायला हवं तुला." मी म्हटलं, "ताई, लग्न झाल्यापासून दाबाखालीच आहे."

त्यांच्याबरोबर त्यांचा धाकटा भाऊ राहायचा. सगळे त्यांना भाऊच म्हणतात. कोपऱ्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. दोघांनीही लग्न केलं नाही. का, याची माझ्याकडे चार कारणं आहेत आणि चारही मीच तयार केलेली आहेत, त्यामुळे सांगत नाही. भाऊ मोजूनमापून वागणारे. भिंगाचा मध्य बुबुळाच्या बरोबर समोर यायला हवा, केसभर इकडे तिकडे झालं तरी गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं, हे त्यांचं आवडतं व्याख्यान. ते ऐकूनच निम्म्या गिऱ्हाइकांचं डोकं दुखायचं.

पण या दोघांचं नाव झालं ते भरल्या अंड्यांमुळे. दर वर्षी वाचनालयाच्या मंडळींचा मेळावा असायचा, प्रत्येकाने काहीतरी करून आणायचं, आणि ताईंकडे अंडी. उकडून दोन भाग करायचे, पिवळं बलक काढून लोणी, मोहरीची पेस्ट, लिंबू, मिरपूड घालून लोण्यासारखं मऊ करायचं, त्यात शेपू आणि कांद्याची पात अगदी बारीक चिरून मिसळायची, आणि पुन्हा पांढऱ्या वाटीत भरायचं. शेपू म्हटलं की निम्मी माणसं नाक मुरडतात. तीच माणसं या ताटाजवळ खुर्ची टाकून बसत. शेपू ताईंचा, खिडकीतल्या डब्यांत लावलेला. सारण भाऊंचं. पिशवीचा कोपरा कापून ते एकेक वाटी अशी भरत, की जणू नंबर काढून दिलाय. वर शेपूचं एक पान, तेही दुकानातल्या चिमट्याने ठेवलेलं.

आणि मग मेळाव्यात दर वर्षी एकच संवाद. कुणीतरी म्हणायचं, "ताई, अंडी काय झालीत!" की भाऊ पुढे. "अहो, अंडी माझी. हिने नुसती उकडलीत. उकडायला काय, गाढवही उकडेल." सगळे हसायचे. ताईही हसायच्या आणि बोटावरची खळ सोलत राहायच्या.

गेल्या हिवाळ्यात ताई गेल्या. ताप म्हणून झोपल्या त्या उठल्याच नाहीत. भाऊ त्या आठवड्यातच दुकान उघडून बसले. लोकांनी नावं ठेवली, मीही त्यात आवाज मिसळला. मग वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी ताईंच्या आठवणीत एक संध्याकाळ जमायचं ठरवलं. त्या स्वतः जिने चढून आल्या आणि भाऊंना म्हणाल्या, "भाषणं वगैरे काही नाही. ताईंना नाही आवडायची. फक्त ती अंडी तेवढी आणा. ती असली म्हणजे त्या आहेत असं वाटेल."

"आणतो की," भाऊ म्हणाले. "त्यात काय."

त्यात काय होतं ते आदल्या दिवशी दुपारी कळलं. माझ्या दाराची घंटा वाजली. भाऊ हातात ताट घेऊन उभे. चष्मा कपाळावर, दाढी वाढलेली.

"रेडिओ, हे बघ."

ताटात उकडलेली, कापलेली अंडी. एकाचंही बलक जागेवर नाही. कुठे कडेला चिकटलेलं, कुठे टोकाला जाऊन बसलेलं. एका बाजूला पांढऱ्याची भिंत जाडजूड, दुसऱ्या बाजूला कागदासारखी. सारण भरायला गेलं की तीच बाजू फाटत होती.

"अंडी खराब लागली असतील," मी म्हटलं.

"तीन दुकानं बदलली. कोपऱ्यावरच्या अंडेवाल्याने तर हातच जोडले. म्हणाला, साहेब, आता कोंबडीलाच समोर बसवून विचारू का?" भाऊ हसले नाहीत. "मोठं पातेलं घेतलं, लहान घेतलं. पाणी गार घेतलं, गरम घेतलं. उभी ठेवली, आडवी ठेवली. इतक्या वर्षांत एकदाही असं झालं नाही. प्रत्येक बलक मधोमध. मी दुपारी दुकानातून यायचो तेव्हा सोलून, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलेली असायची. मी फक्त..."

ताट हातात कलत होतं, ते मी धरलं.

"उद्या सगळे येणार," ते म्हणाले, "आणि तिची म्हणून मी ही असली वाकडी अंडी पुढे ठेवू?"

मला उत्तर ठाऊक होतं. ताट बघताक्षणीच कळलं होतं. पण ते सांगायचं म्हणजे कसं ठाऊक हेही सांगावं लागणार.

"भाऊ, तुम्ही ढवळता का?"

"काय ढवळू?"

"अंडी. पाणी तापत असताना."

"अंडी ढवळतात? ती काय चहा आहे?"

"ताई ढवळायच्या. पाणी तापेपर्यंत, गोल गोल, सारखं. अंडी फिरत राहिली की बलक मध्ये राहतं, पांढरं त्याच्याभोवती घट्ट होतं."

"तुला तिने सांगितलं?"

"नाही."

"मग?"

मी भिंतीकडे बघितलं. भाऊंनीही बघितलं. चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की माझा नंबर त्यांना आरपार कळला असावा.

"चमचा ऐकू यायचा," मी म्हटलं. "पातेल्याच्या काठाला लागायचा."

ते माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. मी चहा ठेवला, तो उतू गेला, पुसला, पुन्हा ठेवला.

"आयुष्यभर लोकांची भिंगं मध्यावर बसवली मी," शेवटी म्हणाले. "आणि घरातलं बलक मध्यावर कसं येतं हे एकदा विचारलं नाही. वाटलं, अंडं असतंच तसं."

"भाऊ, अहो..."

"वर चारचौघांत सांगत फिरलो. गाढवही उकडेल." कपाकडे बघत म्हणाले, "आणि ती एकदाही बोलली नाही, रेडिओ. एकदाही."

मी ओट्यावर सांडलेला चहा पुन्हा एकदा पुसला.

मग ते एकदम उठले. "तू इथेच थांब. भिंतीला कान लाव. मी पलीकडे पातेलं चढवतो. तिच्यासारखं होईपर्यंत सांगत राहा."

अशी आज्ञा मला जन्मात कुणी केली नव्हती. मी ओट्यापाशी उभा राहून नेहमीच्या जागी कान लावला. तेवढ्यात ही ड्यूटीवरून आली. दारातच थबकली.

"लाज वाटू द्या जरा! तो माणूस दुःखात आहे."

"अगं, त्यांनीच सांगितलंय!"

"हो, तर! पत्रिका छापून बोलावलं असेल!"

भिंतीतून भाऊंचा आवाज आला, "वहिनी, मीच सांगितलंय." ही पर्स हातात घेऊन तशीच खुर्चीवर बसली.

चमचा सुरू झाला. खडखडखडखड.

"भाऊ, हळू! शेव तळताय की काय? ताई एवढी घाई नव्हत्या करत!"

आवाज मंदावला. अंडी तळाशी गडगडत होती, पण चमचा बिचकत होता.

"चमचा काठाला लागू द्या. एका फेरीला एकदा. किण्ण. मग गडगड. मग पुन्हा किण्ण."

"असं?"

"जवळपास. पण तुम्ही थांबत नाही."

"थांबायचं? तूच म्हणालास सारखं ढवळायच्या."

"सारखंच. पण मधेच क्षणभर थांबायचा चमचा. मग पुन्हा."

"कशासाठी?"

हे मात्र मला ठाऊक होतं, कारण एकदा साखर मागायच्या निमित्ताने मी तिकडे डोकावलो होतो. "एका हाताने ढवळायच्या, दुसऱ्या हातात पुस्तक. शिवायला आलेलं पुस्तक त्या आधी वाचायच्या. म्हणायच्या, आत काय आहे ते कळल्याशिवाय पाठ कशी शिवू? पान उलटायला थांबायच्या."

पलीकडे चमचा ठेवल्याचा आवाज झाला. पावलं आतल्या खोलीत गेली आणि परत आली.

किण्ण. गडगड. किण्ण. गडगड. किण्ण. आणि थांबला. इतका बारीक थांबला की पानाचा आवाज मला ऐकू आला, किंवा आला असं वाटलं. मग पुन्हा किण्ण.

बरोबर तोच. मी डोळे मिटले असते तर सांगितलं असतं, ताई आहेत, आज सुट्टी दिसते.

"आता?" भाऊंनी विचारलं.

मी कान भिंतीवरच ठेवला. "आता, रेडिओ? असंच ना?" चमचा फिरतच होता. हिने माझ्याकडे पाहिलं, उठली, भिंतीपाशी आली आणि म्हणाली, "हो, भाऊ. असंच." तिने तो आवाज कधी ऐकला नव्हता. ती नेहमी ड्यूटीवरच असायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघे वाचनालयात गेलो. तळघरातली ताईंची खोली उघडली होती. दाबयंत्र पुसून ठेवलं होतं आणि त्याच टेबलावर सगळ्यांनी आपापली ताटं मांडली. भाऊंची अंडी मध्ये. प्रत्येक वाटी गोल, सारखी, हिरव्या ठिपक्यांचं पिवळं सारण, वर शेपूचं पान. खिडकीतल्या डब्यांतला शेपू आता विरळ झाला होता, तो सगळा त्यातच संपला.

एकाने पहिलं अंडं तोंडात टाकलं आणि सवयीने म्हणाला, "भाऊ, वा! सारण म्हणजे सारण! गाढवही उकडेल म्हणा, पण हे..."

त्याला वाटलं भाऊ हसतील. सगळेच थांबले होते, दर वर्षीच्या त्या वाक्यासाठी.

भाऊंनी एक वाटी उचलली, सारण चमच्याने हळूच बाजूला काढलं आणि रिकामं पांढरं त्या माणसापुढे धरलं. "हे बघा," म्हणाले. "सगळीकडून सारखं आहे. हे तिचं. मी नुसतं भरतो."

वाचनालयाच्या बाईंनी ती रिकामी वाटी त्यांच्या हातातून घेतली आणि तशीच खाल्ली.

परतताना ही पुढे चालत होती. भाऊ माझ्या बरोबरीने. ताट रिकामं होतं तरी त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं होतं.

"तू नेहमी ऐकायचास?"

"घरी असलो की."

"मेळाव्याहून आल्यावर? मी झोपल्यावर ती भांडी घासायची, तेव्हा?"

"तेव्हाही."

"काही म्हणायची? माझ्याबद्दल? त्या गाढवाच्या बोलण्यावर?"

तिखटमीठ लावणं हे माझं काम. मी लगेच म्हणालो, "म्हणायच्या ना. स्वतःशीच हसायच्या. म्हणायच्या, बोलू दे, माझ्या भावाच्या हाताला चव आहे."

भाऊ चार पावलं चालले. "खोटं."

"हो," मी म्हटलं. "खोटं."

"मग खरं काय?"

"काही नाही म्हणायच्या, भाऊ. भांडी घासायच्या. चमचा शेवटी घासायच्या, आणि दिवा बंद करायच्या."

त्यांनी मान हलवली. जिन्यात स्वतःचं कुलूप उघडताना म्हणाले, "हे बरं केलंस." आणि दार लावून घेतलं.

आता अधूनमधून सकाळी पलीकडे पातेलं चढतं. एकच अंडं असतं. अंडी पुष्कळ असली की एकमेकांना सांभाळतात. एकटं अंडं पातेल्यात फार आवाज करतं. किण्ण, गडगड, आणि मधेच पान उलटण्याएवढं थांबणं. ते भाऊंना आता नीट जमतं.

एक गोष्ट मी त्यांना सांगितलेली नाही. अंडी झाली की ताई चमच्याने भिंतीवर हलकेच दोनदा टकटक करायच्या. माझ्यासाठी. म्हणजे, झालं रे रेडिओ, आता लाग कामाला. सांगितलं तर भाऊ तेही करतील, अगदी तसंच करतील. म्हणून नाही सांगितलं. गॅस बंद झाल्याचा आवाज येतो, मी थोडा वेळ कान तसाच ठेवतो, आणि मग भाजी चिरायला घेतो.